मनगटावरचं मोजमाप: ट्रॅकर घेण्याआधी एका कॅलिब्रेशनवाल्याचं ऐका

माझी ३१ वर्षं कॅलिब्रेशन लॅबमध्ये गेली. प्रेशर गेज, थर्मामीटर, व्हर्नियर, टॉर्क रेंच, जे येईल ते मास्टरशी, म्हणजे अचूक मानलेल्या मापाशी, ताडून बघायचं, किती चुकतंय ते कागदावर मांडायचं आणि खाली सही करायची. या कामाची एक खोड अंगाला चिकटते. कुणी म्हणालं ‘ताप १०१ आहे’, की तोंडातून आधी निघतं, ‘कशानं मोजला?’ घरचे याला कंटाळलेत. पण फिटनेस ट्रॅकर घ्यायचा झाला की फोन मलाच येतो. ताई, जावई, दोन जुने सहकारी, बायको आणि मी स्वतः असे मिळून सात ट्रॅकर आजवर माझ्या हाताखालून गेले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

माझा पहिला बँड मुलीनं वाढदिवसाला दिला. तिसऱ्या दिवशी दुपारभर मी एका जुन्या लाकडी खुर्चीला पॉलिशपेपर मारत बसलो होतो. उठून बघतो तर बँड म्हणतोय, ७४० पावलं चाललात. संध्याकाळी नातीला बाबागाडीत घालून अर्धा तास फिरवून आणलं, तर त्याचे जेमतेम शंभर. म्हणजे खुर्ची घासली तर मी चाललो, आणि खरोखर चाललो तर घरी बसलो!

बँडचा यात दोष नाही. तो पाय बघतच नाही, हात बघतो. आत ॲक्सिलरोमीटर नावाची इवलीशी चिप असते. तिन्ही दिशांना हाताला बसणारे हिसके ती मोजते, आणि हात ठरावीक लयीत हलला की सॉफ्टवेअर त्याला पाऊल समजतं. पॉलिशपेपरची लय चालण्यासारखीच होती. बाबागाडीच्या दांड्यावर हात मात्र स्थिर होते. सामानाची ढकलगाडी, वॉकर, ट्रेडमिलचा कठडा, सगळीकडे हेच होतं. हे एकदा डोक्यात बसलं की ट्रॅकरवर चिडायचं कारण उरत नाही आणि निवडणंही सोपं होतं.

आधी प्रश्न, मग खरेदी

लॅबमध्ये गेज आला की आम्ही पहिलं विचारायचो, हा कुठं बसवणार? बॉयलरवर बसणारा गेज आणि सायकलच्या पंपावरचा गेज यांना एकच निकष लावत नाहीत. ट्रॅकरचंही तसंच. दुकानात किंवा साइटवर जाण्याआधी एका कागदावर एक वाक्य लिहा: मला काय कळायला हवंय?

ताईनं लिहिलं, ‘मी रोज पुरेशी हालते का?’ तिला साधा बँड पुरला. छोटा, हलका, आठवडाभर चार्जिंग न मागणारा. जावयानं लिहिलं, ‘अर्धमॅरेथॉनची तयारी करायची आहे, वेग आणि अंतर हवं.’ त्याला स्वतःचं जीपीएस असलेलं घड्याळ लागलं. एका सहकाऱ्यानं लिहिलं, ‘रात्री तीनला जाग येते, का ते बघायचंय.’ त्याला म्हटलं, पैसे खिशात ठेव आणि डॉक्टरकडे जा. जाग आली हे ट्रॅकर सांगेल, का आली हे त्याला कुठून कळणार? तो गेला. ट्रॅकर नंतर घेतलाच, पण तो वेगळ्या कारणासाठी.

वाक्य लिहिता आलं नाही तर अजून घेऊ नका. खोक्यावरच्या शंभर स्पोर्ट्‌स मोडपैकी तुम्ही चालणं, पळणं, पोहणं यांपलीकडे जाणार नाही. मी तरी अजून गेलेलो नाही.

एक गोष्ट मात्र इथंच सांगून टाकतो, कारण जो तो वजनासाठीच बँड घ्यायला निघतो. अमेरिकेत ४७१ तरुण स्थूल व्यक्तींवर दोन वर्षं केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांनाच होतं, एका गटाला वर ट्रॅकरही दिला होता. दोन वर्षांनी ट्रॅकरवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलेलं होतं आणि बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९ किलो. त्यावरून ट्रॅकर वाईट असं मी म्हणणार नाही. थर्मामीटर लावल्यानं ताप उतरत नाही, एवढंच.

बरोबर आणि सारखं

आमच्या धंद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्रॅकरच्या जाहिराती त्या मुद्दाम एकत्र कालवतात.

समजा वजनकाटा रोज न चुकता दोन किलो जास्त दाखवतो. तो बरोबर नाही, पण सारखा आहे. त्यावर महिनाभर वजन करा, वजन उतरतंय की चढतंय ते बिनचूक कळेल. दुसरा काटा आज एक किलो जास्त, उद्या दोन किलो कमी दाखवतो. महिन्याची सरासरी कदाचित बरोबर येईल, पण तो काटा भंगारात द्यायच्या लायकीचा.

ट्रॅकरकडून मागायचं ते हे सारखेपण. माझी पावलं ६,८०० की ७,१०० यानं काही बिघडत नाही. मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त चाललो की कमी, हे विश्वासानं कळायला हवं. म्हणूनच दोघांचे दोन कंपन्यांचे बँड शेजारी धरून आकडे ताडायचे नाहीत. जावई आणि मी एकदा बरोबर फिरायला गेलो आणि परत येईपर्यंत कुणाचा खरा यावरून वाद घालत बसलो. दोघांचेही आपापल्या मालकापुरते खरे होते.

कॅलरीच्या आकड्याला तर हात जोडा. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात मनगटी उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे चांगलीच. खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. कारण कॅलरी हे उपकरण मोजतच नाही. वय, वजन, उंची, नाडी, हालचाल यांवरून ते अंदाज बांधतं. ‘आज ४०० जाळल्या’ म्हणून ४०० खाल्ल्या, तर वजन कुठल्या दिशेला जाईल ते तुमच्या नशिबावर.

आणि दहा हजार पावलं? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीनं पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा लक्षात राहायला सोपा होता, तो चिकटला. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास झाला. रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर जास्त चालल्याचा आणखी फायदा दिसेना. ताईला हे सांगितलं तेव्हा तिनं बँडमधलं लक्ष्य लगेच १०,००० वरून ६,००० वर आणलं आणि त्या दिवसापासून ते नेमानं पुरं करू लागली. म्हणून माझी एक अट असते: ज्यात लक्ष्य आपल्याला बदलता येत नाही, तो ट्रॅकर घेऊ नये.

हिरवा दिवा

ट्रॅकर उलटा केला की खाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटाच्या कातडीखाली क्षणभर रक्त वाढतं, प्रकाश जास्त शोषला जातो, परत येणारा कमी होतो. दोन ठोक्यांमध्ये उलट. या कमी-जास्तीच्या लाटा मोजल्या की नाडी मिळाली. कल्पना साधी आणि सुंदर आहे, पण नाजूकही आहे. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. थंडीत मनगटाकडचं रक्त आटतं. मनगटावर गोंदवलेलं असेल तर शाई प्रकाश खाते. गडद त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असल्यानं तेही प्रकाश शोषतं. रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात, तिथंही हा प्रश्न सुटलेला नाही. रुग्णालयात बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरबद्दल २०२० मध्ये अमेरिकेतून एक अहवाल आला. गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये घसरलेला ऑक्सिजन नजरेतून सुटण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. रुग्णालयातल्या यंत्राची ही कथा, तर मनगटावरच्या ९४ की ९६ वर किती जीव टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

पळताना आणखी एक गंमत होते. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६०-१८० पडतात. हात त्याच लयीत हलतो, आणि सॉफ्टवेअर कधी कधी या हिसक्यांनाच नाडी समजून बसतं. जावई एकदा घाबराघुबरा होऊन आला, ‘बाबा, सावकाश पळताना नाडी १७४!’ त्याला म्हटलं, पावलं किती पडत होती ते बघ. तीही १७४. पट्टा एक भोक घट्ट केला, दोन बोटं वर सरकवला, आकडा १३८ वर आला.

ज्यांना व्यायामाचे टप्पे नाडीवरूनच पाळायचेत, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, म्हणून जोरदार व्यायामात मनगटापेक्षा भरवशाचा. फिनलंडच्या पोलर कंपनीनं असा बिनतारी पट्टा १९८२ मध्येच बाजारात आणला होता. दिसायला काही खास नाही, घामानं ओला होतो, पण माझ्या भाषेत तो मास्टर. घेताना एवढंच बघा की तुमचं घड्याळ ब्लूटूथवरून बाहेरचा पट्टा जोडून घेतं का. बरेच स्वस्त बँड घेत नाहीत.

ताईची गोष्ट वेगळी. तिला डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर सुरू केलेत. हे औषध नाडी फारशी वाढू देत नाही. ती दम लागेपर्यंत चढ चढायची आणि बँड म्हणायचा, ‘हलका व्यायाम’. बँडचे टप्पे बहुधा २२० वजा वय या सूत्रावर आखलेले असतात. ते सूत्र मुळातच ढोबळ आहे. दुसरं एक सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. साठीच्या माणसाला पहिलं १६० देतं, दुसरं १६६, आणि प्रत्यक्ष माणूस दोन्हींपासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतो. औषध चालू असेल तर दोन्ही निरुपयोगी. ताईला मी बिनपैशाची कसोटी दिली: चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम चाललाय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सांगते. बँडवर ताई फक्त मिनिटं बघते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांच्याही बाबतीत मनगटावरची नाडी चुकू शकते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चुंबकी चार्जर आणि शरीरातली चरबी मोजणारी घड्याळं यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. हे ‘विचारून घेऊ कधीतरी’ म्हणण्यातलं नाही.

घरची चाचणी

हा माझा आवडता भाग. परत करण्याची मुदत किती आहे ते खरेदीआधीच बघून ठेवा आणि त्या मुदतीत पुढच्या तीन चाचण्या उरका. वही आणि पेन घ्या, डोक्यात ठेवू नका.

पावलं. तोंडानं मोजत ५०० पावलं चाला. शंभराला एक बोट मिटा, म्हणजे मोजणी हुकत नाही. बँडचा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. असं तीनदा. मग तीनदा खूप सावकाश चालून, आणि ढकलगाडी किंवा काठी रोजची असेल तर तीनदा तिच्यासह. नेहमीच्या चालीत ४७५ ते ५२५ मध्ये आला तर मी पास करतो. पण खरी परीक्षा तीन आकडे एकमेकांशी किती जुळतात ही. ४८०, ४७८, ४८२ हा माझ्या लेखी चांगला बँड. ५००, ४६०, ५४० याची सरासरी बरोबर ५०० येते, आणि असला गेज मी लॅबमधून शेरा मारून परत पाठवला असता. फार हळू चालणाऱ्यांची पावलं मनगटावर हमखास कमी भरतात. त्यांच्यासाठी घोट्याला बांधायचा मापक जास्त बरा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी ढकलण्याचे झोके मोजणारा मोड आहे का ते बघावं. ॲपलच्या घड्याळात तो २०१६ पासून आहे. बाकीच्यांत असेलच असं धरून चालू नका.

नाडी. पाच मिनिटं शांत बसा. दुसऱ्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा आळस नको, तिथं एक ठोका हुकला की हिशेबात चार होतात. बसल्या जागी तीन-चार ठोक्यांचा फरक चालेल. मग दोन मजले झपझप चढा आणि लगेच पुन्हा ताडा. इथं बरेच बँड उघडे पडतात. तुमची नाडी धावतेय आणि बँड अजून बसल्याजागचाच आकडा दाखवतोय. त्याला गाठायला किती सेकंद लागले ते लिहा. चालण्यासाठी हा उशीर किरकोळ. थांबून-थांबून जोरात पळणाऱ्यांना मात्र असला बँड उपयोगाचा नाही, कारण तो गाठेपर्यंत तुमचा जोरदार टप्पा संपलेला असतो.

अंतर. ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक जवळ असेल तर त्याच्यासारखा मास्टर नाही. सगळ्यांत आतल्या लेनमधून दहा फेऱ्या मारा, चार किलोमीटर व्हायला हवेत. आतलीच लेन धरा, आठव्या लेनची एक फेरी साधारण ४५३ मीटर भरते. जावयानं पहिल्यांदा बाहेरच्या लेनमधून पळून घड्याळाला नावं ठेवली होती. वळणांवर जीपीएस थोडं अडखळतंच, दोन-तीन टक्के सोडून द्या.

इथं एक फसवणूक ओळखून ठेवा. खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलेलं असतं आणि आत जीपीएस नसतं. तो बँड तुमच्या फोनचं उसनं घेतो. फोन खिशात घेऊन फिरणाऱ्याला यात काही तोटा नाही, उलट बँड स्वस्त आणि हलका पडतो. फोन घरी ठेवून पळायचं असेल तर जीपीएस घड्याळाच्या आत आहे का हे स्पष्ट विचारा. उंच इमारतींमध्ये किंवा दाट झाडीत पळत असाल तर दोन फ्रिक्वेन्सीवर, एल-१ आणि एल-५ वर, संकेत घेणारं घड्याळ मार्ग जास्त नीट आखतं. भिंतींवर आपटून येणारे संकेत त्याला वेगळे काढता येतात. मोकळ्या मैदानावर त्याचे जादा पैसे कशाला द्यायचे?

झोप, बीपी आणि माझा टॉवेल

झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. मनगटाला मेंदू दिसत नाही. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज करतं. त्यामुळं किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात हे बऱ्यापैकी जमतं. गाढ झोप ५२ मिनिटं वगैरे जे रंगीत पट्टे दिसतात, ते चित्र म्हणून बघा. अंथरुणात स्वस्थ पडून छताकडे बघत काढलेला तास बँड खुशाल झोपेत धरतो.

आमच्या हिला एकदा सकाळी चांगलं ताजंतवानं वाटत होतं. चहा घेता घेता बँड बघितला, झोपेचे गुण १०० पैकी ६१. त्या क्षणापासून दिवसभर तिला थकवा. दुसऱ्या दिवशी मी ॲपमधून झोपेची सूचनाच बंद करून टाकली. झोपेचे आकडे सुधारण्याच्या काळजीनं झोप जाण्याला संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलंय. घेताना बघा, हे गुण लपवता येतात का.

आता टॉवेल. एका परिचितानं बीपी, रक्तातली साखर, सगळं दाखवणारं एक स्वस्त घड्याळ आणून दिलं, ‘तपासून द्या’ म्हणाला. मी ते गुंडाळलेल्या टॉवेलवर घट्ट बांधलं आणि बटण दाबलं. नाडी ७२, बीपी ११८/७६. टॉवेलचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं निघालं! तुम्हीही करून बघा. नाडीच्या बाबतीत चांगली उपकरणंही कधी कधी टॉवेलला फसतात, परत येणाऱ्या प्रकाशात त्यांना काहीतरी लय सापडते. पण जे घड्याळ टॉवेलचा रक्तदाब ठामपणे सांगतं, ते तुमचा काय सांगणार?

कातडी न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असं एकही उपकरण त्यांनी तोवर मंजूर केलेलं नव्हतं. दंडावर सुईचा सेन्सर लावून त्याचा आकडा घड्याळावर बघणं ही वेगळी गोष्ट, तिथं मोजणारा सेन्सर असतो आणि घड्याळ नुसती पाटी. इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं टॉवेलवाल्या घड्याळावर डोस ठरवला तर जिवाशी खेळ आहे. बीपीच्या बाबतीत काही चांगली घड्याळं दर चार आठवड्यांनी दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यायला लावतात. लोकांना ती कटकट वाटते. मला तेवढ्यावरूनच त्यांच्याबद्दल आदर वाटला.

ईसीजी काढणारी घड्याळंही आहेत. ॲपलनं २०१८ मध्ये ते आणलं. ठोक्यांची अनियमितता पकडायला त्याचा उपयोग होतो, पण ती एका लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूनं बघणारी, पट्टी. दवाखान्यातला ईसीजी बारा लीडचा असतो. हार्ट ॲटॅक त्या घड्याळाला ओळखता येत नाही, कंपनीच तसं सांगते. छातीत दुखत असताना घड्याळाकडे बघत बसू नका.

रोजच्या वापरातल्या अडचणी

बॅटरी. दिवसाआड चार्जिंग मागणारं घड्याळ रात्री चार्जरवर जातं आणि झोप मोजायची राहते. शिवाय साधा हिशेब करा: रोज चार्ज होणारं वर्षाला ३६५ वेळा, आठवड्यानं होणारं ५२ वेळा. लिथियमची बॅटरी काहीशे चार्जनंतर क्षीण व्हायला लागते, आणि बहुतेक ट्रॅकरमध्ये ती बदलता येत नाही. खोक्यावरचे दिवस हे पडदा बंद, जीपीएस बंद धरून लिहिलेले असतात. जीपीएस सतत चालू ठेवलं की हिशेब दिवसांवरून तासांवर येतो.

पाणी. ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोलीवर असतो तेवढा स्थिर दाब. पोहायला चालेल, उंचावरून सूर मारायला आणि खोल बुडी घ्यायला नाही. ‘आयपी ६८’ मध्ये ६ हा धुळीचा आकडा आणि ८ पाण्याचा, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी स्वतः ठरवते. पोहणाऱ्यानं एटीएम बघावं. गरम पाणी आणि साबण मात्र कुठलंच सील फार दिवस सोसत नाही.

पट्टा. नेहमीचा २० किंवा २२ मिलिमीटरचा, खटका दाबून निघणारा असला तर कुठलाही बसतो. कंपनीनं स्वतःची खास खाच केली असेल, तर तीन वर्षांनी तो पट्टा मिळेल का? माझा दुसरा बँड उत्तम चालू स्थितीत कपाटात पडून आहे, केवळ पट्टा मिळत नाही म्हणून.

अंगठीच्या रूपातला ट्रॅकर झोपेसाठी छान, वजन उचलणाऱ्याच्या बोटात मात्र रुततोच.

आणि ॲप. लोक घड्याळ अर्धा तास निरखतात आणि ॲप घरी गेल्यावर पहिल्यांदा उघडतात. उलट करा. ॲप आधी फोनवर उतरवून बघा. मराठी नाही तर नाही, पण अक्षरं वाचता येतात का, मागच्या महिन्याचा आलेख दोन बोटांत सापडतो का? तुमच्या फोनशी ते घड्याळ बोलतं का? ॲपलच्या घड्याळाला आयफोन लागतोच. दर महिन्याची वर्गणी आहे का, आणि ती थांबवली तर तुमचे जुने आकडे तुम्हाला दिसतात का? काही उपकरणं वर्गणीशिवाय जवळजवळ मुकी होतात.

आकडे बाहेर काढता येतात का, हा प्रश्न मी सगळ्यांत शेवटी शिकलो. ट्रॅकर बनवणारी जॉबोन कंपनी २०१७ मध्ये बंद पडली. स्मार्ट घड्याळं बनवणारी पेबल २०१६ च्या अखेरीला विकली गेली आणि २०१८ मध्ये तिच्या सेवा बंद झाल्या. मनगटावरचं यंत्र धडधाकट आणि त्याच्यामागचा सर्व्हर गायब. म्हणून वर्षातून दोनदा मी सगळे आकडे फाइल करून संगणकावर घेतो. आणि हो, मार्ग सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या पळण्याचे मार्ग नोंदवणाऱ्या ॲपच्या जगभराच्या नकाशावरून लष्करी तळांवर पळणाऱ्या सैनिकांच्या वाटा लोकांनी शोधून काढल्या होत्या. तुमचं घर त्यापेक्षा सोपं सापडेल, कारण रोजची प्रत्येक रेघ तिथूनच निघते.

बांधायचा कसा

कमी वापरातल्या हाताला बांधा, आणि कुठल्या हाताला बांधलाय ते ॲपमध्ये नोंदवा. त्यावरून हिशेब बदलतो. वय, उंची, वजन खरं घाला. जावयानं वजन पाच किलो कमी घातलं होतं, कुणाला फसवायला देव जाणे. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, खाली करंगळी कशीबशी जाईल इतका घट्ट. व्यायामाला एक भोक आणखी आवळा, संपला की सैल करा. घाम आणि साबण खाली साचून पुरळ उठतं. २०१४ मध्ये फिटबिटला ‘फोर्स’ नावाचा अख्खा बँडच पुरळाच्या तक्रारींमुळे परत घ्यावा लागला होता. पट्टा साध्या पाण्यानं धुवून पूर्ण कोरडा करा, रोज तासभर मनगट मोकळं ठेवा. मी अंघोळीला जाताना तो चार्जरवर लावतो, दोन्ही कामं होतात.

पहिले पंधरा दिवस लक्ष्यबिक्ष्य काही ठेवू नका. नेहमीसारखे वागा आणि पावलं, सकाळची शांत नाडी वहीत उतरवा. ती तुमची मूळ पातळी. पुढचं सगळं तिच्याशी ताडायचं. माझी निघाली ४,९०० पावलं आणि ६८ ठोके. मी स्वतःला बरंच चालणारा समजत होतो.

नातीची बाबागाडी ढकलताना मी अजूनही बँड काढून पँटच्या खिशात टाकतो. पावलं नीट पडतात, नाडी तेवढी गायब होते. परत आल्यावर नात तो बँड मागून घेते आणि स्वतःच्या पायात घालून घरभर पळते. संध्याकाळच्या आकड्यातून तिची तीनशे मी वजा करतो.